जेंबे, नाच आणि लॉटरी फंडाचा अर्ज

आमच्या गटाच्या अनुदानाचा शेवटचा हिशेब लॉटरी फंडाकडे पाठवला आणि फाइल बंद केली. जानेवारी २०२४ मध्ये हातात घेतलेलं काम ऑगस्ट २०२५ मध्ये पुरं झालं. सुरुवात केली तेव्हा अशा अर्जाबद्दल कुणी सविस्तर लिहिलेलं मराठीत तर नव्हतंच, इंग्रजीतही जे मिळालं ते सगळं सल्ला देणाऱ्यांचं होतं, त्यातून गेलेल्यांचं नव्हतं. म्हणून हे लिहितेय. परदेशात ढोलपथक काढणाऱ्या, लेझीम किंवा भजनाचे वर्ग चालवणाऱ्या मराठी मंडळींनाही याचा उपयोग होईल. वाद्य वेगळं असलं तरी फॉर्म तोच असतो.

आमचा गट इंग्लंडमधल्या लीड्सचा. जेंबे आणि दुनुन हे पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीकडचे ढोल, आणि त्यांच्यावरचा नाच, हे आम्ही दर रविवारी दुपारी हेअरहिल्सजवळच्या एका हॉलमध्ये शिकतो. वादन शिकवणारे सर गिनीतल्या कोनाक्रीचे, नाच शिकवणाऱ्या बाई तिथल्याच किंडियाच्या. शिकणाऱ्यांत गॅम्बिया, गिनी, सिएरा लिओनहून आलेली कुटुंबं आहेत, त्यांची इथेच जन्मलेली मुलं आहेत, यॉर्कशरचे दोन-तीन निवृत्त शिक्षक आहेत, आणि आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागायची वाट बघत हॉटेलात दिवस काढणारी तरुण मुलं आहेत. मी नाशिकची. कॉलेजात असताना पथकात ढोल वाजवायचे. इथे आल्यावर कितीतरी वर्षं वाद्याला हात लागला नव्हता. करोनानंतर एका मैत्रिणीने या वर्गाला नेलं आणि मी तिथलीच झाले.

अनुदानाआधी गटाचा कारभार एका पत्र्याच्या डब्यावर चालायचा. ज्याला जमेल त्याने पाच पाउंड टाकायचे, नसेल जमत त्याला कुणी विचारायचं नाही. त्यातून आधी हॉलचं भाडं जायचं आणि उरेल ते दोघा शिक्षकांत वाटलं जायचं. पावसाळी रविवारी माणसं कमी आली की सरांच्या हातात वीस पाउंडही पडायचे नाहीत. स्वतःच्या गाडीत ढोल भरून आणणारा, तीस वर्षांचा रियाझ असलेला माणूस पेट्रोलचे पैसेही न सुटता घरी जायचा. हे बघवेना, हेच अर्ज करण्यामागचं खरं कारण.

त्यात एक गोष्ट सतत मनात यायची. जेंबे आज जगभर वाजतो तो मुळात सरकारी पैशाच्या बळावर पसरला. फोदेबा केइता यांनी पॅरिसमध्ये सुरू केलेलं ‘ले बाले आफ्रिकां’ हे पथक १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत गाजलं. गिनी २ ऑक्टोबर १९५८ रोजी फ्रान्सपासून स्वतंत्र झाला आणि पहिले राष्ट्राध्यक्ष अहमद सेकू तुरे यांनी या पथकाला राष्ट्रीय पथकाचा दर्जा दिला. गावोगावच्या, जिल्ह्याजिल्ह्याच्या स्पर्धांतून वादक-नर्तक निवडून वर पाठवले जायचे. फामुदू कोनाते, ममादी केइता ही जेंबेतली मोठी नावं या व्यवस्थेतूनच पुढे आली. १९८४ मध्ये तुरे गेले, सरकारचा हात आखडला आणि बरेच कलाकार आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानला, युरोपला निघून गेले. ममादी केइता ब्रसेल्सला गेले, तिथे त्यांनी शाळा काढली. आमचे सर त्यांच्या पुढच्या पिढीतले. त्यांचे गुरू पगारी कलाकार होते आणि हे मात्र डब्यातल्या चिल्लरवर शिकवत होते.

इंग्लंडमध्ये १९९४ पासून नॅशनल लॉटरी आहे आणि तिकीटविक्रीतला एक हिस्सा लोकोपयोगी कामांना जातो. तो वाटणाऱ्या संस्थांपैकी दोन आमच्या कामाच्या होत्या. एक आर्ट्स कौन्सिल इंग्लंड. त्यांचं प्रोजेक्ट ग्रँट १,००० पाउंडांपासून सुरू होतं, पण एकूण खर्चाचा किमान १० टक्के भाग दुसरीकडून उभा करावा लागतो आणि सगळा भर कलेच्या बाजूवर असतो. दुसरा नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंड. त्यांच्या ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ योजनेत आम्ही अर्ज केला तेव्हा ३०० ते २०,००० पाउंड मिळत होते, पदरचा हिस्सा घालायची अट नव्हती आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्था नसलेल्या छोट्या गटांनाही दार उघडं होतं. आमच्याकडे शिल्लक काहीच नव्हती, तेव्हा दुसरा रस्ता धरला. तुम्ही एकटे कलाकार असाल तर मात्र आर्ट्स कौन्सिलकडेच जा. कम्युनिटी फंड एकट्या माणसाला पैसे देत नाही.

फंडाच्या अटी साध्या भाषेत लिहिलेल्या आहेत. गटाला लेखी घटना हवी. समितीत किमान दोन जण असे हवेत की ज्यांचं एकमेकांशी रक्ताचं, लग्नाचं नातं नाही आणि जे एका पत्त्यावर राहत नाहीत. गटाच्याच नावाचं बँक खातं हवं आणि त्यातून पैसे काढायला दोन सह्या लागायला हव्यात. यातलं आमच्याकडे एकही नव्हतं.

घटना लिहिणं सोपं गेलं. गावातल्या स्वयंसेवी संस्थांना मदत करणारी केंद्रं इथे असतात, त्यांच्याकडे नमुने फुकट मिळतात. दोन-तीन पानं पुरतात: गटाचं नाव, उद्देश, सभासद कोण, सभा किती वेळा, पैसे कसे काढायचे. एक कलम मात्र विसरू नका. गट उद्या बंद पडला तर उरलेले पैसे आणि वस्तू सभासदांत न वाटता तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेला जातील, हे लिहावंच लागतं.

अवघड गेलं ते समितीचं. गट सरांनी सुरू केलेला, म्हणजे अध्यक्ष तेच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पण अनुदानातून ज्याला मानधन जाणार त्यानेच मानधन ठरवणाऱ्या समितीत बसणं फंडांना सहसा चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. वर्ग संपल्यावर ते ढोलांवर कापडी खोळ चढवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “म्हणजे उद्या तुम्ही लोक मला वर्गातून काढू शकाल?” मला काही बोलता येईना, कारण कागदावर त्याचं उत्तर ‘हो’ असंच होतं.

त्यावर आम्ही बराच काळ बोललो, गटातल्या मोठ्या माणसांना मध्ये घेऊन. शेवटी घटनेत ‘कला सल्लागार’ असं पद घातलं. कोणते ताल, कोणते नाच शिकवायचे, काय कुठे सादर करायचं आणि काय करायचं नाही, याचा निर्णय कला सल्लागाराचा. समितीला त्यात मत नाही. पैशाचा निर्णय समितीचा. सल्लागाराला त्यात मत नाही. अध्यक्ष झाल्या गॅम्बियाच्या एक निवृत्त नर्स, खजिनदार यॉर्कशरच्या निवृत्त शिक्षकांपैकी एक, आणि मी सचिव. अध्यक्षपद मला घ्यायचंच नव्हतं. गिनीच्या कलेच्या गटाची सूत्रं पश्चिम आफ्रिकी माणसांच्याच हाती असायला हवीत असं मला मनापासून वाटत होतं. अर्जातही ते आम्ही स्पष्ट लिहिलं आणि त्याचा उपयोग झाला.

घटनेवर सह्या झाल्या फेब्रुवारीअखेर. मग बँक. एका मोठ्या बँकेत मार्चच्या सुरुवातीला अर्ज टाकला. तीन आठवड्यांनी कळवलं की अध्यक्षांच्या पत्त्याचा पुरावा चालणार नाही. नवा दिला. मग एकाचं मधलं नाव पासपोर्टवर वेगळं, विजेच्या बिलावर वेगळं. खातं उघडलं मेअखेर. फंडाला बँकेचं तीन महिन्यांच्या आतलं स्टेटमेंट लागतं आणि त्यावर गटाचं नाव घटनेतल्या नावाशी अक्षरशः जुळावं लागतं, म्हणून हा वेळ धरूनच निघा. खातं उघडण्याचा अर्ज सगळ्यात आधी करा, बाकीचं मागून येतं. खात्यात पहिले जमा झाले ते डब्यातले ६५ पाउंड.

त्याच काळात मुलांच्या सुरक्षिततेचं धोरण लिहिलं. बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या एनएसपीसीसीच्या साइटवर याचं चांगलं मार्गदर्शन आहे. शिक्षकांची डीबीएस म्हणजे पोलीस रेकॉर्डची तपासणी करायची होती. मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठीची वरच्या दर्जाची तपासणी आम्हाला संस्थेमार्फतच करावी लागली. आमच्याएवढ्या गटाला ते थेट जमत नाही, अशा तपासण्या करून देणारी मध्यस्थ संस्था गाठावी लागते.

आता बजेट. माझ्या मते अर्जाचा जीव इथे असतो. आम्ही मागितले ११,९०० पाउंड. दोन तासांचे २४ वर्ग. प्रत्येक वर्गाला वादन आणि नाच अशा दोघा शिक्षकांना प्रत्येकी १०० पाउंड, त्यात तयारीचा वेळ धरलेला: ४,८०० पाउंड. हॉल, मांडामांड-आवराआवरीसकट अडीच तासांचा: १,२००. आठ जेंबे, प्रत्येकी २६० प्रमाणे २,०८०. दुनुनचा संच, म्हणजे दुनदुनबा, सांगबान आणि केंकेनी हे तीन आडवे ढोल, त्यांच्या घंटांसह ७२०. कातडं, दोर आणि दुरुस्ती २४०. दोन जाहीर कार्यक्रम. बाहेरच्या चार कलाकारांना प्रत्येक कार्यक्रमाचे १५० प्रमाणे १,२०० आणि आमच्या दोघा शिक्षकांना ६००. बसभाडं ४८०, खाणं ३००, विमा १५०, छपाई आणि कानात घालायचे इयरप्लग १३०.

म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा कलाकारांच्या हातात. समितीतल्या एका गृहस्थांना हे प्रमाण खटकत होतं. मानधन कमी दाखवलं तर फंडाला आपण काटकसरी वाटू, असं त्यांचं म्हणणं. मी हटून बसले. शिक्षकाने स्वतःच्या पोटाला चिमटा काढून वर्ग चालवायचा असेल तर अनुदान हवंच कशाला? फंडाकडून मानधनाच्या रकमेवर एकही प्रश्न आला नाही.

काय मागता येत नाही तेही वाचून ठेवा. आधीच केलेला खर्च, अडीअडचणीसाठी म्हणून ठेवलेली रक्कम, दारू, परदेश प्रवास, आणि अर्ज लिहून घेण्यासाठी दुसऱ्याला दिलेले पैसे, यातलं काही चालत नाही. परदेश प्रवास बाद झाल्याने सरांच्या गुरूंना कोनाक्रीहून बोलवायचं आमचं स्वप्न लगेच मिटलं. ढोलही आम्ही तिकडून न मागवता इंग्लंडमध्ये आधीच आलेले घ्यायचं ठरवलं. प्राण्याच्या कातड्याची वस्तू सीमेवरून आणायची म्हणजे कस्टम्सची वेगळी प्रकरणं, आणि अनुदानाच्या तारखा त्यासाठी थांबत नाहीत.

मुख्य प्रश्नाला, म्हणजे ‘तुम्हाला काय करायचं आहे’ याला, जास्तीत जास्त ३०० शब्द. बाकी प्रश्नांना त्याहून कमी. आमच्या पहिल्या मसुद्यात सगळं ‘ताण हलका होतो’, ‘आत्मविश्वास वाढतो’ असलं होतं. कुठल्याही वर्गाबद्दल लिहिता आलं असतं असं. सरांनी तो वाचून घेतला आणि म्हणाले, “यात कुकू कुठे आहे?” प्रश्न रास्त होता. कुकू हा गिनीच्या अरण्य प्रदेशातला, बेलाच्या बाजूचा ताल. मासेमारीहून परतलेल्या बायका फेर धरून यावर नाचायच्या असं सर तो शिकवताना सांगतात. कासा हा कापणीच्या वेळी शेतात वाजणारा. आमच्या वर्गात ताल आधी त्याच्या नावागावासकट सांगितला जातो आणि मग हातात येतो. हीच गोष्ट आम्ही अर्जात घातली: हेअरहिल्समध्ये वाढणारी मुलं, ज्यांच्या आज्यांना हे नाच येतात पण शिकवायला जागा नाही, त्या आज्या, ज्या वर्गाला येतात आणि पाऊल चुकलं की उठून दाखवतात, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून शिकणारे बाकीचे आम्ही. माणसांना एकत्र आणणं हे फंडाला हवंच असतं. ते कशाभोवती एकत्र येतात हेही सांगितलं की अर्ज वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. दोन संपर्क द्यावे लागतात, दोघांच्या जन्मतारखा आणि घरचे पत्ते लागतात, तेव्हा त्या आधीच मागून ठेवा. शेवटच्या रात्री फोनाफोनी नको. निर्णयाला चार महिने धरून चाला असं आम्हाला सांगण्यात आलं होतं आणि जवळजवळ तेवढाच वेळ लागला. त्या दिवसांत वर्ग डब्यावरच चालू होता. काही बोललं तर दृष्ट लागेल असं वाटून मी घरीही विषय काढत नव्हते.

ऑक्टोबरच्या मध्यात फंडातून फोन आला. बाई मोकळेपणाने बोलत होत्या, प्रश्न नेमका होता: “एका वर्गाला दोन शिक्षक कशाला? आधी वादनाचा वर्ग, मग रेकॉर्डिंगवर नाचाचा, असं नाही का करता येणार?”

मी त्यांना वर्गात काय होतं ते सांगितलं. मुख्य जेंबेवाला नर्तकांकडे बघत वाजवतो. पाऊल बदलायची वेळ आली की तो एक ठरलेला तुकडा वाजवतो, आम्ही त्याला ‘कॉल’ म्हणतो, आणि तो कानावर पडताच सगळी रांग एकदम पुढच्या चालीत जाते. एखादी नाचणारी पुढे येऊन एकटी नाचायला लागली की तो तिच्या पायांवर नजर ठेवून तिचं प्रत्येक पाऊल हातांनी उचलून धरतो. ती थकली हे त्याला दिसतं आणि तो तिला तालात सोडवून परत पाठवतो. रेकॉर्डिंगला तिचे पाय दिसत नाहीत. आणि वादकांचंही तेच: समोर नाचणारं कुणी नसेल तर कॉल कधी द्यायचा हे ते शिकणार कसे? पलीकडून टाइप केल्याचा आवाज येत होता. “हे अर्जात असायला हवं होतं,” त्या म्हणाल्या, “मी नोंदवून ठेवते.” फोन येईल तेव्हा अर्जाची प्रत आणि बजेट हाताशी ठेवा आणि बिचकू नका. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा होकाराचीच बाजू भक्कम करायची असते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईमेल आला. मागितले तेवढे सगळे. मी ऑफिसात होते, जिन्यात जाऊन रडले, आणि मग सरांना फोन लावला. ते आधी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सेट ढोलांचा मी स्वतः जाऊन निवडणार.” पैसे एकरकमी खात्यात आले.

ढोल निवडायला मी त्यांच्यासोबत गेले होते. त्यांनी प्रत्येक जेंबे आडवा करून आत हात घातला आणि लाकडाच्या आतल्या कातीव खुणा बोटांनी चाचपल्या, कडेवरून अंगठा फिरवून पाहिला, मग तीनच आघात: मध्यावर खोल बास, काठाजवळ टोन, आणि काठावर कडाडणारा स्लॅप. दुकानदाराने पुढे केलेले दोन चकचकीत, नक्षीदार जेंबे त्यांनी बाजूला ठेवले. कड जाड होती, लहान मुलांचे हात सुजले असते. विकत घेताना जाणता माणूस बरोबर न्याच. आणि बकऱ्याचं कातडं इथल्या दमट हवेत सैल पडतं, म्हणून दुरुस्तीची रक्कम बजेटमध्ये धराच धरा. आमचे २४० पाउंड मेपर्यंत संपत आले होते.

वर्ग जानेवारी २०२५ पासून रीतसर सुरू झाले. हिशेबाचं सगळ्यात नाजूक काम होतं बसभाड्याचं. आश्रयाच्या निकालाची वाट बघणाऱ्यांना सहसा काम करायची परवानगी नसते. जेवण मिळणाऱ्या हॉटेलात राहणाऱ्याला २०२४ मध्ये आठवड्याला ८.८६ पाउंड भत्ता होता. त्यात बसचं जाऊन-येऊन तिकीट काढायचं म्हणजे आठवड्याचे निम्मे पैसे गेले. आम्ही तिकीट दाखवलं की तेवढेच पैसे, त्याच दिवशी, रोख देत होतो. वर एक पेनीही नाही. खर्चापेक्षा जास्त दिलं तर तो मोबदला धरला जाऊन त्या मुलाच्याच अर्जाला धोका. तिकीट मागायला आधी फार संकोच वाटायचा. मग अध्यक्षबाईंनी दारातच एक टेबल मांडलं आणि सगळ्यांकडूनच, माझ्याकडूनही, तिकीट मागायला सुरुवात केली. ज्यांना पैसे नको असतील ते ती डब्यात टाकत. कुणी कुणापेक्षा वेगळं दिसायचं कारण राहिलं नाही.

इयरप्लगचं कुणाला नवल वाटत असेल तर सांगते, बंद हॉलमध्ये आठ जेंबे आणि तीन दुनुन म्हणजे थोडाथोडका आवाज नसतो. इथल्या कामाच्या ठिकाणच्या आवाजाच्या नियमांत सरासरी ८० डेसिबलपासूनच कान जपायची जबाबदारी सुरू होते. शिक्षक तर आठवडाभर यातच असतात. पथकात असताना आम्ही याचा विचार कधी केला नव्हता. नाशिक-पुण्याच्या मुलांनी आता तरी करावा.

पहिला जाहीर कार्यक्रम जूनमध्ये, रेफ्युजी वीकमध्ये म्हणजे निर्वासितांसाठीच्या सप्ताहात, एका उद्यानात झाला. परवान्याबद्दल आम्ही उगाच घाबरलो होतो. इंग्लंडमध्ये सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात माइक-स्पीकर नसलेल्या वादनाला आणि ५०० पर्यंत प्रेक्षकांपुढच्या नाचाला वेगळा परवाना लागत नाही. मात्र जागा महापालिकेची असेल तर जागेची परवानगी, विम्याचा कागद आणि धोक्यांचा आढावा घेणारं एक पान, हे लागतंच, आणि ते काही महिने आधी द्यावं लागतं. आम्ही फेब्रुवारीतच दिलं होतं. ढोलांना माइक नको हे सरांचं आधीपासूनचं मत होतं, त्यामुळे खर्चही वाचला आणि कागदही.

कुकू सुरू झाला आणि एक वयस्कर गॅम्बियन बाई प्रेक्षकांतून उठून नाचत नाचत पुढे आल्या. पर्समधून पाच पाउंडांची नोट काढली आणि वाजवणाऱ्या सरांच्या कपाळावर चिकटवली. घामाने ती तिथेच राहिली. मग दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. माझ्या शेजारी उभे असलेले आमचे खजिनदार गोंधळून गेले. मला मात्र बसल्या जागी तमाशातली दौलतजादा आठवली. पश्चिम आफ्रिकेत लग्नकार्यात, बारशाला वादकाचा, गायकाचा मान असाच होतो आणि त्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही. प्रश्न होता हिशेबाचा: ही गटाची मिळकत का? हा मुद्दा अध्यक्षबाईंनी एप्रिलच्या सभेत स्वतःहून काढला होता, त्यांना हे होणार हे माहीतच होतं. प्रेक्षकांनी कलाकाराला हातात किंवा अंगावर दिलेली रक्कम ही त्या कलाकाराला दिलेली भेट आहे, गटाची नाही, असा ठराव इतिवृत्तात होता. खजिनदारांना ते पान दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा खिशात ठेवला, स्वतःच्या पाकिटातून दहाची नोट काढली आणि नाचायला गेले. तुमच्याकडेही अशी काही रीत असेल, ओवाळणीची, बिदागीची, तर त्याचा ठराव आधी करून ठेवा.

दुसरा कार्यक्रम जुलैमध्ये हॉलमध्येच, मुलांचा. त्यात विशेष सांगण्यासारखं इतकंच की आठ वर्षांच्या एका मुलीने पहिल्यांदा कॉल दिला आणि तिची आजी रांगेत पहिली होती.

ऑगस्टमध्ये हिशेब जुळवला. प्रत्येक पावतीवर बजेटमधल्या रकान्याचा क्रमांक आम्ही घेतानाच घालत आलो होतो, त्यामुळे शेवटी धावपळ झाली नाही. छपाईत थोडे वाचले आणि कातड्यात तेवढेच जास्त गेले. असा बदल करण्याआधी फंडाला ईमेल टाकून विचारलं होतं, लगेच उत्तर आलं. ते ईमेल छापून फाइलला लावलं आहे.

ढोल आता गटाच्या मालकीचे आहेत, यादीत त्यांचे क्रमांक आहेत, आणि आठवड्याला दोन जेंबे मुलांना घरी न्यायला मिळतात. डबाही चालूच आहे. त्यात साठलेले पैसे आम्ही हात न लावता खात्यात भरतो, कारण पुढचा अर्ज आर्ट्स कौन्सिलकडे करायचा आहे आणि तिथे दहा टक्के आपले दाखवावे लागतात. त्या बजेटमध्ये पहिली ओळ सरांच्या मानधनाची आहे आणि यंदा ती वाढवलेली आहे.